'उपदेश' म्हटलं की माया का उडून जाते?

पानगळ: एका पत्राचा अनुवाद करतेय. वडील दूर राहतात, मुलगी नोकरी करते. ते लिहितात, 'कितीही दमलीस तरी हाताखालच्या माणसावर आवाज चढवू नकोस. आणि गोळ्या वेळेवर घे.' पुढच्या पत्रात मुलगी या लिहिण्याला एका शब्दात काहीतरी म्हणते. तिथे 'उपदेश' लिहिलं, तर संपादकांनी खोडून 'सल्ला' केलं. सल्ला वकीलही देतो! दुसरा शब्द सुचवा.

जुनी शाई: सल्ला मुळात अरबी. आपला 'हितोपदेश' असताना उसनं कशाला?

रानवाट: उसनं कसलं? घरोघरी बोलला जातो तो मराठीच. आणि 'बाबांचा हितोपदेश' कोणती मुलगी लिहील?

अक्षरवेल: 'कानमंत्र' चालेल का? मुंजीत वडीलच मुलाच्या कानात गायत्री सांगतात.

पानगळ: मुंज मुलाची. शिवाय हल्ली कानमंत्र म्हणजे यशाची युक्ती.

रानवाट: मला वेगळंच खुपतं. आपल्याकडे शिकवण्याचे शब्द दंडाकडे घसरतात. 'शिक्षा' म्हणजे मुळात शिकवणं. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात शिकवणं आणि दंड हे दोन्ही अर्थ आहेत. 'शासन'चं तेच. 'नसीहत' म्हणजे मुळात उपदेश, पण जुन्या कागदपत्रांत पारिपत्य. 'समज' पोलीस देतात, 'धडा' शत्रूला शिकवतात. बापानं प्रेमानं सांगायचं तरी कोणत्या शब्दात?

जुनी शाई: 'शिकवण' कुठे घसरलीय?

रानवाट: नाही घसरली, पण ती मागे उरते. माणूस हयात असताना, चालू पत्रातल्या दोन ओळींना शिकवण म्हणवत नाही.

अक्षरवेल: आमचे आजोबा म्हणायचे, 'वडिलकीच्या नात्यानं सांगतो.' त्यात हक्कही आला, मायाही आली. वडील हा शब्द प्राकृत 'वड्ड', म्हणजे मोठा, यावरून आलाय. म्हणून थोरला भाऊही वडिलकीनं बोलतो.

पानगळ: 'बाबांचं सांगणं' कसं वाटतं? गोळ्याही त्यात मावतात.

जुनी शाई: सांगणं फार मोघम आहे. निरोपही सांगतात, भविष्यही सांगतात. आणि अक्षरवेल, 'वडीलकी' दीर्घ हवं. 'पाटीलकी' लिहिता ना?

अक्षरवेल: वडिलांना, वडिलांचा, मग वडिलकीच.

जुनी शाई: ते सामान्यरूप झालं. 'की' हा विभक्तिप्रत्यय नाही.

रानवाट: मग 'गरीब'चं 'गरिबी' कसं होतं? तिथे कुठली विभक्ती आहे?