कोजागिरी, गच्ची आणि मंगळाचा पिक्चर

*माधवकाका (बी-४०२):* मंडळी, कोजागिरीला गच्चीवर पडदा लावतोच आहोत, तर दुधाआधी एक पिक्चर होऊन जाऊ दे. माझ्याकडे डीव्हीडी आहे, ‘ॲबट अँड कॉस्टेलो गो टू मार्स’. १९५३ चा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम ७७ मिनिटांचा.

*स्नेहा (ए-१०३):* काका, हे ते जाड्या-रड्या का?

*माधवकाका:* नाही गं, सगळ्यांचा तोच घोळ होतो. जाड्या-रड्या म्हणजे लॉरेल-हार्डी. ही जोडी वेगळी. उंच ॲबट खेकसणार, गोल कॉस्टेलो घोळ घालणार. गंमत म्हणजे सुरुवातीला कमाईतले ६० टक्के ॲबटला आणि ४० कॉस्टेलोला मिळायचे.

*राहुल (सी-२०१):* म्हणजे आपटणाऱ्याला ४० आणि ओरडणाऱ्याला ६०? आमचं ऑफिसच झालं की हे 😂

*सेक्रेटरी:* कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत. बी विंगच्या पार्किंगचं कोणीच बोलत नाहीये.

*सुलभाताई (बी-३०१):* गच्ची सोसायटीचीच आहे ना? काका, गोष्ट सांगा आधी. पोरांसमोर काहीबाही लावाल.

*माधवकाका:* हे दोघं रॉकेटमध्ये सामान भरत असतात. कॉस्टेलोचा हात नको त्या बटणावर पडतो आणि निघाली वरात. रॉकेट न्यूयॉर्कवर घिरट्या घालतं, बोगद्यातून आरपार जातं. समोर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, तर ती बाई चक्क खाली वाकते आणि रॉकेटला वाट देते! पुढे उतरतात न्यू ऑर्लिन्सला. तिथे मार्डी ग्राचा कार्निव्हल, रस्त्यावर ही भलीमोठी सोंगं. यांना वाटतं, झालं, मंगळ आला!

*राहुल:* आणि खरा मंगळ?

*माधवकाका:* तो येतच नाही. नावात मंगळ, पुढे जातात ते शुक्रावर.

*राहुल:* आपलं यान २०१४ ला पहिल्या फटक्यात पोचलं. यांना ७७ मिनिटांत जमलं नाही.

*स्नेहा:* आमचा अथर्व म्हणतोय शुक्रावर ४६० डिग्री तापमान असतं, हे उतरतात कसे?

*माधवकाका:* शाब्बास अथर्व! पण शुक्र सगळा ढगांनी झाकलेला. खाली काय आहे ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं? अमेरिकेचं मरिनर-२ यान जवळून गेलं डिसेंबर १९६२ मध्ये, तेव्हा कळलं की खाली भट्टी आहे. तोवर पिक्चरवाल्यांना रान मोकळं. यांच्या शुक्रावर नुसत्या बायका.

*सुलभाताई:* आलं का शेवटी तिथेच!

*माधवकाका:* अहो, सौंदर्यस्पर्धेतल्या मुली घेतल्या होत्या, तेव्हाची पद्धत. राणीला नवऱ्याने फसवलेलं असतं, म्हणून तिने ग्रहावरून पुरुष हाकललेत.

*सुलभाताई:* मग चुकलं काय तिचं?

*माधवकाका:* चुकलं नाहीच. पण तिचा जीव जडतो कॉस्टेलोवर. एकनिष्ठ राहशील तर राजा हो म्हणते. आता हा राहतोय का!

*राहुल:* काका, खरं सांगा, सगळा बघण्यासारखा आहे?

*माधवकाका:* खरं सांगू? पहिला अर्धा फर्मास. शुक्रावर गेल्यावर जरा रेंगाळतो, विनोदही जुनाट आहेत. पण पुतळा वाकतो तेव्हा मी अजून हसतो.

*सुलभाताई:* आणि त्या राजाचं काय होतं? सुटला का मोकळा?

*माधवकाका:* पृथ्वीवर परत येतो, सत्कार होतो, एक मुलगी त्याचा मुका घेते. राणी शुक्रावरून बघत असते. यान पाठवून त्याच्या डोक्यावर केक टाकते.

*सुलभाताई:* लावा. मी मसाला दूध घेऊन येते.

*सेक्रेटरी:* ठीक आहे. दुधाचे घरटी ५० रुपये. १० नंतर आवाज बंद. आणि गच्चीची किल्ली गेल्या कोजागिरीपासून कोणाकडे आहे?

*माधवकाका:* 🙏 माझ्याकडेच असेल. बघतो.