मदत हवी आहे: ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे हाताने कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी,

दर शनिवारी नववीच्या मुलांचा गणिताचा जादा तास घेते. परवा नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग फळ्यावर केला. एकेक घर सरकवत नऊ ओळी मांडल्या, उभ्या बेरजा केल्या. मधल्या रकान्यात नऊ एक येतात, हातचा कुठेच नाही, आणि उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी 'डेम्लो' म्हटलं, ते आजच्या डोंबिवली स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून. हे ऐकून मुलं फारच खूश झाली.

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने संख्येला पूर्ण भाग जातो. म्हणजे कापरेकरांचीच 'हर्षद' संख्या. (एका मुलाने घरी एक्सेलमध्ये टाकली तर शेवटचे २१ जाऊन ०० आले, बेरीज ७८, भाग जाईना. एक्सेल १५ च अंक धरतं.) दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१. तिथे हातचा येतो, बेरीज ८२, आणि विषम संख्येला ८२ ने भाग जायचा प्रश्नच नाही.

अडलंय ते पुढे. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यावरून वर्गाचे ४५ विभाजक निघतात, पण ३३३६६७ मूळ असेल तरच. एका मुलीने विचारलं, "ती फुटत नाही कशावरून?" वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे, तिथवर १०६ मूळ संख्या. संगणक क्षणात सांगेल, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. जवळचा रस्ता आहे का?

प्रतिसाद:
आहे मॅडम. समजा 'प' या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. मग तो ९९९९९९९९९ लाही जातो, म्हणजे १० च्या नवव्या घाताला 'प' ने भागलं की बाकी १. अशी बाकी देणारा १० चा सर्वांत लहान घात ९ चा विभाजकच असणार: पहिला, तिसरा किंवा नववा. पहिल्या दोन्हींत 'प' ने ९९९ ला भाग जातो, म्हणून 'प' ३ किंवा ३७. अंकांची बेरीज २८, म्हणून ३ गेला. ३७ ने भागलं की बाकी १, तोही गेला. नववा असेल तर फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (१० च्या (प − १) व्या घातालाही 'प' ने भागलं की बाकी १) (प − १) ला ९ ने भाग जायला हवा. 'प' विषम, म्हणून १८ नेही. म्हणजे १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एवढेच सोळा भागाकार करा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! लगेच करायला बसले. १९ ने बाकी ८, ७३ ने ५७, ५७७ ने १६१. मधले मुद्दाम ठेवलेत. वर्गात मुलं अठरा आहेत: सोळा जणांना हे, आणि उरलेल्या दोघांना ३ आणि ३७.