शाळेत शांत, घरी आल्यावर रडणारा मुलगा: शाळेला काय सांगावे?

प्रश्न:
माझा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. शाळेत तो सांगितलेले काम मुकाट्याने करतो, त्यामुळे त्याला काही त्रास होतो हे वर्गशिक्षिकांना पटत नाही. घरी मात्र दप्तर खाली ठेवताच तो रडू लागतो आणि दुसऱ्या दिवशी खेळाचा तास असला की आदल्या रात्रीपासून पोट दुखत असल्याचे सांगतो. ही चिंता असू शकेल का? शाळेकडे नेमके काय मागावे?

उत्तर १ (विशेष शिक्षिका):
असू शकेल, मात्र पोटदुखीसाठी डॉक्टरांना एकदा अवश्य दाखवा. अनेक स्वमग्न मुले दिवसभर अस्वस्थता दाबून ठेवतात आणि ती घरी, जिथे सुरक्षित वाटते तिथे, बाहेर पडते; म्हणून वर्गातील शांतपणा हा स्वस्थतेचा पुरावा मानू नये. अनेक अभ्यासांच्या २०११ मधील एकत्रित विश्लेषणात सुमारे ४० टक्के स्वमग्न मुलांमध्ये किमान एक चिंताविकार आढळला होता, तेव्हा आपली शंका अवाजवी नाही. खेळाच्या तासाला शिट्टीचा कर्कश आवाज असतोच, पण आपण कोणत्या गटात जाणार आणि खेळ कधी थांबणार हे आधी न कळणे बहुधा त्याहून जड जाते. त्याचा गट, खेळ आणि शेवट आदल्या दिवशीच चित्रांच्या वेळापत्रकात दाखवावा, आणि ऐनवेळी बदल झालाच तर जुने चित्र त्याच्यासमोर काढून नवे लावावे.

उत्तर २ (एक पालक):
आमच्या मुलीला, असह्य झाले की ते दाखवून काही न बोलता वर्गाबाहेर जाता यावे म्हणून, एक कार्ड मिळाले होते. पहिल्याच वेळी "कुठे निघालीस?" असे सर्वांदेखत विचारले गेले आणि तिने ते पुन्हा कधी दप्तरातून काढले नाही. बदली शिक्षकांसह सर्वांना कार्डाचा अर्थ ठाऊक असेल, याची आधीच खात्री करून घ्या.

उत्तर ३ (समुपदेशक):
कार्ड वापरण्याचा सराव मूल शांत असतानाच करून घ्यावा. खेळाच्या तासातून कायमची सूट मात्र मी सहसा सुचवत नाही, कारण टाळल्याने तात्पुरते बरे वाटते आणि भीती तशीच राहते. सुरुवातीला कडेला बसून गुण लिहिणे, मग एका ओळखीच्या मुलासोबत खेळणे, असे टप्पे त्याच्याशी बोलून ठरवावेत. आवाज असह्य होत असेल, तर तो त्रास सवयीने सुटेल असे गृहीत न धरता कानांवर आवाजरोधक हेडफोन द्यावेत. "कसे वाटते?" याचे उत्तर त्याला जमत नसेल, तर शाळेच्या नकाशावर नकोशा जागा रंगवायला सांगा आणि तोच कागद वर्गशिक्षिकांच्या भेटीला न्या.