४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का?

प्रश्न: २ चा ३२वा घात अधिक १ केला की ४२९४९६७२९७ येतात. मी ३, ७, ११, १३ असं करत पार ३०० पर्यंत भागून बघितलं, कशानेच भाग जाईना, मग ही मूळच ना?

उत्तर: नाही रे, ६४१ ने जातो भाग, भागाकार येतो ६७००४१७ आणि तो मात्र मूळ. फर्मा या गणितज्ञालाही तुझ्यासारखंच वाटलेलं, ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने १७३२ मध्ये फोडली.

दुसरं उत्तर: एवढी हमाली कशाला केलीस राव, हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१, पाचव्या फटक्यात काम तमाम.

प्रश्नकर्ता: अरेच्चा! आणि मी ३०० लाच कंटाळलो 😅