रविवारची पाखरं: साडेआठ की साडेनऊ?

चिटणीस, मंडळाच्या ‘रविवारची पाखरं’च्या पत्रकात शनिवार रात्री 9:30 छापलंय, ते चूक आहे. मी कन्नडहून रविवारी सकाळी 7 ला परसदारातली पाखरं दाखवायला मोबाइल लावणार, म्हणजे तुमचे तिकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी रात्रीचे 8:30. साडेसातला अण्णा मोटार चालू करतात, मग पाखरू काय, मीही ऐकू येणार नाही. भोंडल्याच्या वेळचा घोळ पुन्हा नको.
— कन्नडकर

त्या रविवारी इकडे उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे जातात. फरक साडेनऊ तासांचा. पत्रक बरोबर आहे.
— चिटणीस

पुढे जातात ती रविवारी पहाटे 2 ला हो! आपण बसणार आदल्या रात्री. तोवर साडेदहाच तास.
— माजी खजिनदार

परसदारातलं काय बघायचं? गौताळा अभयारण्य हाकेवर आहे, तिथून दाखवा की. फाल्गुनात पळस, काटेसावर, पळसमैना...
— काकू

काकू, गौताळा 260 चौरस किलोमीटरचं रान, आणि घाटात माझ्या फोनला रेंज नाही. शुक्रवारी जाऊन आलो. काटेसावरीवर भोरड्यांचा नुसता कालवा! पण खरी गंमत घरीच आहे. शेवग्याच्या वाळक्या फांदीला तांबट ढोली कोरतोय. तोंड फांदीच्या खालच्या अंगाला, लिंबू कसंबसं जाईल एवढं. आत शिरतो, चोचभर भुसा आणून बाहेर झटकतो, परत आत. आणि टुक-टुक करताना चोच मिटलेलीच, गळा तेवढा फुगतो. अण्णा ती फांदी तोडायला निघाले होते, आठ दिवसांची मुदत घेतलीय.
— कन्नडकर

भोरड्या काय? मुलं ऐकणार आहेत, पळसमैना म्हणा.
— काकू

आमच्या परभणीत भोरड्याच. ज्वारी राखायला माळ्यावर बसून गोफण फिरवलीय मी. ‘पळसमैना, ऊठ’ म्हणून एक उठली नसती.
— माजी खजिनदार

मुलांचे कार्यक्रम मराठी शाळेकडून ठरतात. आम्हाला कुणी विचारलं?
— शाळा समिती

शाळेला मेल केली होती, स्पॅममध्ये बघा. पत्रक 8:30 करतोय. पण यापुढे वेळा परस्पर मेलच्या यादीवर नकोत, आधी मला कळवा.
— चिटणीस

मी आता शिकागोला असतो. माझे साडेसातच ना?
— नांदेडवाला