इंदुरात, तेही फ्लॅटमध्ये, बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा पाळावा का? माझं मत: नको

सुदामानगरकर:
आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकांनी बॉर्डर कॉलीचं पिल्लू आणलंय, दोघं नवराबायको नऊला ऑफिसला जातात आणि ते संध्याकाळपर्यंत बाल्कनीत येरझाऱ्या घालतं, खालून स्कूटर गेली की जाळीवर झेप, आणि आता पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांच्या टाचा धरायला लागलंय. लोक म्हणतात कुत्रा बिघडला. अहो बिघडला कुठला, मेंढ्या हाकतोय तो! इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरात मेंढरं वळायला ही जात तयार झाली, १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा यांचा मूळपुरुष मानतात. नजर रोखायची, दबा धरून सरकायचं, पळणाऱ्याला वळवून आणायचं, हे रक्तातच आहे, दोन खोल्यांत ते जाणार कुठे? वरून आपला मे महिना. आणूच नये इथे, स्पष्ट सांगतो.

रामबागची ताई:
दादा, तुमची कळकळ पोचली पण "आणूच नये" नाही पटत. माझी चिंगी पाच वर्षांची आहे, इथेच वाढली. उन्हाळ्यात पहाटे पाचला फिरणं, नंतर थेट रात्री, मधे जावंच लागलं तर आधी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून बघते, मला चटका बसला तर तिलाही बसणार. पण नुसतं पळवून हा कुत्रा थकत नाही हो, डोकं थकवावं लागतं. जेवण कधीच वाटीत नाही, जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून देते, खेळण्यांची नावं शिकवलीत. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला १०२२ खेळणी नावानं ओळखता यायची, आमची अठरावर आहे 😊 आणि प्लीज उन्हाळ्यात टक्कल करू नका कोणी, दुहेरी कोट असतो, तो उन्हापासूनही वाचवतो, रोज ब्रश करून आतले सुटे केस काढा बस. पावसाळ्यात गोचीड कानात नि बोटांच्या बेचक्यात बघायची, ताप आला, खाणं सोडलं की लगेच रक्त तपासायचं. आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचं औषध मात्र स्वतःच्या मनानं कधीच देऊ नका, कॉली जातींमधल्या काही कुत्र्यांना जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूपर्यंत जाऊन बाधतं.

मल्हारगंज:
ताई तुम्ही घरी असता, अंगण आहे. नोकरीवाल्यांनी काय करायचं? मी दादांच्या बाजूनं.

धनगराचा नातू:
एक मुद्दा राहतोय. होळकरांचं गाव आपलं, मूळ धनगरच ते, तेव्हा मेंढरांमागचा कुत्रा आपल्याला नवा नाही. पण आपल्या वाड्यावरचा कुत्रा राखण करतो, रात्री लांडगा आला तर अंगावर जातो, कळप हाकणं माणसाचं काम. मारवाडातून माळव्यात मेंढ्या घेऊन येतात त्यांच्याकडेही तसंच बघितलंय. कॉलीला दिवसभर कोणीतरी हुकूम द्यायला लागतो. तेवढा वेळ नसेल तर गल्लीतलं पिल्लू आणा, हवा सोसते त्याला.

रामबागची ताई:
हे मात्र शंभर टक्के. वेळ नसेल तर नकोच, मीही तेच म्हणीन. पण दादा, त्या पिल्लाचं आता काय? ते तर आलंय ना. त्यांना विचारा, दुपारी माझ्याकडे सोडतील का, चिंगीसोबत राहील.

सुदामानगरकर:
मत माझं तेच आहे ताई. पण आज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो, नंबर मेसेज करा.