घराचं डाउन पेमेंट कुठून आलं? (खरंखुरं सांगा)

ऑफिसात कोणी फ्लॅटचे पेढे आणले की ठरलेले प्रश्न होतात. कुठे घेतलास? किती पडला? हप्ता किती बसतो? इथपर्यंत सगळे मोकळेपणाने बोलतात. सुरुवातीचे पंचवीस-तीस लाख कुठून आणले, हे मात्र कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मग माझ्यासारखा माणूस आपली सॅलरी स्लिप त्याच्या स्लिपशेजारी ठेवून बघतो. आकडे सारखेच असतात, त्यामुळे वाटतं, आपणच पैसे उडवतोय.

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत बांधकाम चालू असलेला ८५ लाखांचा टू बीएचके धरा. बँक ८० टक्के देते, म्हणजे ६८ लाख. उरले १७. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ९५ हजार. जीएसटी ५ टक्के, सव्वाचार लाख. नोंदणीचे ३० हजार. एकूण साडेसत्तावीस लाख झाले, आणि अजून ओटा, ट्रॉल्या, पंखे, गीझर यातलं काहीच आलेलं नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ५९ हजारांवर जातो. दोघं कमावत असतील तर हप्ता ओढता येतो. पण भाडं भरत भरत साडेसत्तावीस लाख साठवायचे कधी?

तर या धाग्यावर तुमचे अनुभव हवेत. घेतलं असेल तर पैसे कुठून आले, घेतलं नसेल तर कुठे अडलं. आकडे ढोबळ चालतील. 'भाड्याने राहा, एसआयपी करा' हा उपदेश कृपया नको, तो पाठ आहे.

सातारकर पुण्यात

सुरुवात मी करतो. गावाकडची रस्त्यालगतची जमीन विकली. तीस गुंठे होती, त्यातली वीस गेली. घेणारा पुण्याचाच, फार्महाऊससाठी. म्हणजे पुण्याचा पैसा आमच्या गावात आला आणि परत पुण्याच्या बिल्डरकडे गेला, आम्ही मधल्या मध्ये. उरलेल्यात वडिलांचा भविष्य निर्वाह निधी आणि माझी थोडी बचत. माझ्या बचतीचा वाटा विचाराल तर मुद्रांक शुल्काएवढा. आठ वर्षं आयटीत नोकरी केल्यावर.

वास्तुशांतीला सगळे म्हणाले, पोरानं नाव काढलं. वडील काही बोलले नाहीत. ते अजून उरलेल्या दहा गुंठ्यांत सोयाबीन करतात.

कल्याण फास्ट

डोंबिवली पूर्व, वन बीएचके, रिसेल. रिसेल घेण्याचं कारण एकच: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, डोळ्यांनी बघता येतं आणि जीएसटी लागत नाही. आमच्याकडे कागद बघणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही. पालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती आमच्याच भागातल्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथल्या लोकांनी रेरा नंबर बघूनच घरं घेतली होती, कर्जाचे हप्तेही भरत होते. त्यामुळे मी वकिलाला टायटल सर्चचे, म्हणजे मालकीचे कागद तपासायचे, पैसे दिले तेव्हा एकदाही जड वाटलं नाही.

डाउन पेमेंट: माझं सोनं. आईने घातलेलं, सासूबाईंनी घातलेलं, सगळं. विकलं, गहाण नाही ठेवलं, कारण गहाण म्हणजे आणखी एक हप्ता. आणि फ्लॅट फक्त माझ्या नावावर घेतला. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे नवऱ्याने घरात सांगितलं. सवलतीचं कारण नसतं तर तेवढ्या शांततेत झालं असतं का, माहीत नाही. कर्जात तो सहअर्जदार आहे.

शांत वाचक

सातारकर, तुमच्या गोष्टीतला एक कागद तुम्ही सांगितला नाहीत. हक्कसोडपत्र. तुम्हाला बहीण आहे की नाही मला ठाऊक नाही, मी आमच्या घरचं सांगते.

भावाच्या वाकडच्या फ्लॅटसाठी गावची जमीन विकायची ठरली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही बरोबरीचा हिस्सा आहे, म्हणून माझी सही लागत होती. मला फोन आला तो 'शनिवारी ये, दुय्यम निबंधकाकडे जायचंय' असा. विचारलं कोणी नाही. नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं, म्हणून सही केली. साडी मिळाली, जेवण झालं, संध्याकाळच्या एसटीने परत.

मी स्वतः नवऱ्यासोबत भाड्याने राहते, चाकणला. आमचंही डाउन पेमेंट जमत नाही. नवऱ्याच्या गावी जमीन नाही. तेव्हा 'वडिलांनी मदत केली' असं इथे जो कोणी लिहील, त्याने त्या मदतीत बहिणीचे किती होते तेही लिहावं. भांडायला नाही, हिशोब पूर्ण व्हावा म्हणून.

धागाकर्ता

ताई, हा आकडा माझ्या यादीत नव्हता. धन्यवाद.

काउंटरच्या आतून

गृहकर्ज विभागात आहे, बँक सांगणार नाही. नियम थोडक्यात: कर्ज तीस लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तरमध्ये ८०, त्यावर ७५. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत सहसा धरत नाहीत, ते खिशातून. म्हणजे महाग शहरात राहणाऱ्याला टक्क्यातही कमी कर्ज आणि रोख जास्त.

मार्जिन, म्हणजे हेच डाउन पेमेंट, कुठून येतं ते आम्हाला स्टेटमेंटमध्ये दिसतं. तिशीच्या अर्जदाराच्या खात्यात एक मोठं आरटीजीएस येतं आणि पाठवणाऱ्याचं आडनाव तेच असतं. ज्यांच्याकडे ते येत नाही त्यातले काही आधी पर्सनल लोन काढून येतात. त्यांचा हप्ता उत्पन्नात बसत नाही आणि फाइल परत जाते. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण फाइल परत जाते.

आता ज्यांनी घेतलं त्यांच्याविषयी. सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क कमी केलं होतं, व्याजदरही सात टक्क्यांच्या आसपास. खूप तरुणांनी तेव्हा उडी मारली आणि तो निर्णय चांगलाच होता. पण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याच्यामागे गृहकर्जाचे दर हलतात, अडीच टक्क्यांनी वाढला. पन्नास लाख, सात टक्के, वीस वर्षं: हप्ता ३८,७६५. दोन वर्षांनी दर साडेनऊ झाला, तेव्हा बाकी साडेसत्तेचाळीस लाख. त्यावर महिन्याचं व्याजच ३७,६०० च्या वर! मुद्दल फिटतंय हजार-अकराशे. हप्ता तोच ठेवायचा म्हटलं तर पुढची मुदत ३७ वर्षं निघते. कर्जदाराला हे मेसेजमध्ये कळायचं, कधी कळायचंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा. २०२५ मध्ये दर उतरले. तुमची मुदतही उतरली का ते एकदा शाखेत जाऊन विचारा, जाच.

नाशिकचा आजोबा

मी सरकारी नोकरीत होतो. आम्हीही खस्ता खाल्ल्या. पहिली काही वर्षं एका खोलीत पाच माणसं. हॉटेल महिन्यातून एकदा, तेही डोसा. आजच्या मुलांना आधी गाडी, मग परदेशवारी, मग घर हवं.

सातारकर पुण्यात

आजोबा, राग मानू नका. तुम्ही घर बांधलंत तेव्हा प्लॉट कसा मिळाला होता?

नाशिकचा आजोबा

कर्मचाऱ्यांची गृहनिर्माण संस्था होती. तिच्यातर्फे मिळाला. आणि घरबांधणी अग्रिम मिळालं खात्याकडून, पगारातून कापून जायचं, आधी मुद्दल मग व्याज. बँकेचं तोंड बघितलं नाही. तुम्ही कुठे चाललात ते कळलं मला. माझ्या मुलाला खासगी नोकरीत यातलं काही नाही, हे खरं. त्याच्या ठाण्याच्या फ्लॅटला माझी ग्रॅच्युइटी गेली आणि अर्जित रजेचे पैसे गेले. पण परदेशवारीचं म्हणणं मी मागे घेत नाही.

नायगाव, ट्रान्झिटमध्ये

माझं प्रकरण उलटं आहे. बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फूट, बाहेर सामाईक संडास, माणसं सात. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिशांनी बांधलेल्या चाळी. आजोबा गिरणीत होते म्हणून तिथे. पुनर्विकासात प्रत्येक पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं घर मोफत. वरळीला ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, आमचा नंबर यायचाय.

माझा पगार इथल्या बहुतेकांपेक्षा कमी असेल. तरी दादरपासून चालत जाता येईल असं घर मला मिळणार आणि तुम्हाला नाही. लोक तोंडावर म्हणतात, तुमची लॉटरीच लागली. असेल. पण सात जणांनी इतकी वर्षं त्या १६० फुटांत काढली, ते कुणाला लॉटरी वाटत नव्हतं. आता काळजी वेगळी आहे, टॉवरचा मेंटेनन्स. आणि घर एक, आम्ही भावंडं तीन.

संत्रानगरी

नागपूरचा आहो. तुमचे आकडे पाहून चक्कर आली बाप्पा. आमच्याकडे मनीषनगर, बेसा तिकडे अजून माणसात भाव आहेत. पण नोकरी? लॉकडाऊनमध्ये घरून काम होतं तेव्हा मी पुण्याच्या पगारात नागपुरात घर पाहून ठेवलं. मग कंपनी म्हणाली, ऑफिसात या. आता हिंजवडीत तिघांत एक फ्लॅट भाड्याने आणि नागपुरातलं घर राहूनच गेलं. पगार आहे तिथे घर नाही, घर आहे तिथे पगार नाही.

बार्देशकार

गोव्यात बिल्डरपेक्षा मोठी अडचण भाड्याची. मी शाळेत शिकवतो. दिल्ली-मुंबईवाले इथे दुसरं घर घेतात, तेवढ्या भावात स्थानिक बसत नाही, हे जुनं झालं. नवीन म्हणजे साधं भाड्याचं घरही जातंय. मालकाला पर्यटकाकडून चार रात्रींत जे मिळतं ते माझ्याकडून महिन्याला मिळतं, मग तो मला का ठेवील? डिसेंबर जवळ आला की घरमालकाचा फोन घ्यायची भीती वाटते. वडिलोपार्जित घर आहे, पण त्यावर नावं इतकी आणि त्यातली निम्मी पोर्तुगाल-इंग्लंडात, की एक कौल बदलायचा तरी सह्या कुठून आणू?

लिफीकाठचा

डब्लिनहून. भाडी भयंकर, घरं नाहीत, बाकी रडगाणं तुमच्यासारखंच. २०२३ पासून पहिलं घर घेणाऱ्याला वार्षिक पगाराच्या चौपट कर्ज, त्याआधी साडेतीनपट होतं. दहा टक्के आपले. नव्या घराला सरकार आधी भरलेल्या आयकरातून तीस हजार युरोपर्यंत परत देतं, आमचं त्यावरच निभावलं.

धाग्याच्या विषयाला धरून एक: इथे आई-वडिलांनी पैसे दिले तर बँक त्यांच्याकडून सहीचं पत्र घेते, की ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हिस्सा सांगणार नाही. माझ्या आयरिश सहकाऱ्याने ते पत्र डब्यासमोर बसून सहज दाखवलं. आपल्याकडे तेच पैसे, पण कागद नाही. त्यामुळे पुढे आई-वडील त्या घरात राहायला आले की पाहुणे की मालक, हे कोणालाच नक्की माहीत नसतं.

वय ३४, स्थळं चालू

माझं डाउन पेमेंट झालेलं नाही आणि म्हणून लग्नही झालेलं नाही. बायोडेटात 'पुण्यात स्वतःचा फ्लॅट' ही ओळ नसेल तर फोन पुढे जात नाही. फ्लॅटसाठी दोन पगार लागतात, दुसरा पगार लग्नाने येणार, आणि लग्न फ्लॅटने. बसलोय.

मुलीची आई

आम्ही विचारतो, आणि विचारणारच. मी स्वतः लग्नानंतर किती घरं बदलली ते मला माहीत. दर अकरा महिन्यांनी करार, पोलीस व्हेरिफिकेशन, दलालाला महिन्याचं भाडं, मुलांची शाळा लांब. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की आपण बाहेर. हे मुलीच्या वाट्याला नको, यात लोभ कुठला आला?

वय ३४, स्थळं चालू

काकू, लोभ म्हणत नाही. मग डाउन पेमेंट अर्धं अर्धं करूया का? घर दोघांच्या नावावर, तुमच्याकडूनही आणि आमच्याकडूनही. लिफीकाठच्यांनी सांगितलं तसं पत्रही करू.

शांत वाचक

काकू, हो म्हणा. निदान मुलीचं नाव पहिल्या दिवसापासून कागदावर येईल.

मुलीची आई

यांना आणि मुलीला विचारून सांगते. मुलीला आधी.